तीन मीटरवरचं ‘ओके’

मी मालवणात स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, प्रशिक्षक आहे. हे प्रकरण माझ्या हातून घडलेलं आहे. ज्यांच्याबाबतीत घडलं त्यांना मी तेव्हा ताई म्हणत होतो, इथेही तेच म्हणतो. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहू का, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहा, पण आमच्या ह्यांना खलनायक करू नका.” तेवढं पथ्य पाळलंय.

पार्श्वभूमी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. मालवणात त्या दिवसांत गाडी लावायला जागा मिळाली तरी नवस फेडावासा वाटतो. जून ते ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांत करायची, आणि त्यातही नाताळचे सात-आठ दिवस म्हणजे सुगी. किनाऱ्यावर सकाळी सातपासून रांग, एका होडीतली माणसं उतरायच्या आत दुसरी भरलेली.

पर्यटक परत गेल्यावर “स्कूबा केलं” म्हणून सांगतात तो खरं तर नुसता तोंडओळखीचा प्रकार असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांपाशी होडी नांगरतात, माणसाच्या पाठीवर टाकी चढवतात आणि प्रशिक्षक त्याला पाच-सहा मीटरवर फिरवून आणतो. पोहता येण्याची अट नसते. स्कूबा शिकवणाऱ्या पॅडीसारख्या (PADI) आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांत अशा पहिल्या डाइव्हला, म्हणजे बुडीला, १२ मीटरची कमाल मर्यादा आहे. आमच्याकडे तेवढं खोल कुणी नेत नाही. प्रशिक्षक मागून टाकीचा व्हॉल्व्ह धरतो आणि माणसाला पुढे ढकलत नेतो. आलेल्याला फक्त तोंडाने श्वास घ्यायचा असतो आणि मासे बघायचे असतात.

मागून धरण्याची ही पद्धत सोयीची आहे. माणूस वर पळू शकत नाही, खडकावर आपटत नाही, नवख्याला फिन्स, म्हणजे पायातले रबरी पंख, मारायचीही गरज पडत नाही. फक्त प्रशिक्षकाला त्याचा चेहरा दिसत नाही. हे वाक्य मी त्या दिवसाआधी कधी मनातही उच्चारलं नव्हतं.

मंडळी सहाजण, घाटावरच्या एका शहरातून आलेली. ताई ४४ वर्षांच्या, बँकेत नोकरी. त्यांचे यजमान, धाकटे दीर, जाऊबाई आणि कॉलेजातली दोन मुलं. बुकिंग यजमानांनी फोनवरून केलेलं, स्कूबा, पॅरासेलिंग आणि बनाना राइड असं एकत्र पॅकेज. सहाही जणांचे पैसे आधीच भरलेले होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण कुठून सुरू झाली

आमच्याकडे आरोग्याचा एक छापील फॉर्म असतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब, फिट, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, चालू औषधं, घबराटीचे झटके. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही लागते. त्या दिवशी सहाही फॉर्म यजमानांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून एकापाठोपाठ एक भरले. सगळ्यांवर ‘नाही’ची उभी रांग, एकाच पेनची, एकाच तिरक्या वळणाची. सह्या तेवढ्या ज्याच्या त्याने केल्या. मी ते बघितलं आणि फाइलला लावलं.

दोन गोष्टी त्या कागदावर यायला हव्या होत्या. ताईंना चार दिवसांपूर्वी सर्दी झाली होती आणि सकाळी त्यांनी चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून गोळी घेतली होती. दुसरं असं, की दोन वर्षांपूर्वी मानेच्या दुखण्यासाठी एमआरआय काढताना त्यांना अर्ध्यातून बाहेर काढावं लागलं होतं. आत गेल्यावर छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, त्यांनी हातातलं बटण दाबलं. घरी हा चेष्टेचा विषय झाला होता. अशी गोष्ट बाई दिराच्या देखत सांगणार नाही, आणि फॉर्मच्या छापील भाषेत तर तिला ती आठवणारही नाही. “घबराटीचे झटके येतात का?” या प्रश्नाला त्यांचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’च होतं.

माहिती सांगण्याचं काम होडीतच उरकलं, आठ-दहा मिनिटांत. श्वास रोखायचा नाही. कान दुखला तर नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं. तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ म्हणजे ओके. अंगठा वर म्हणजे वर चला. तळहात आडवा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. माझं एक ठरलेलं वाक्य आहे: दाब आणि आकारमानाचा नियम बॉइलने १६६२ साली मांडला आणि दोनच वर्षांनी महाराजांनी समोरच्या किल्ल्याचा पाया घातला. लोक हसतात, वातावरण सैल होतं. त्या दिवशी ताई हसल्या नाहीत. त्या होडीची कड धरून पाण्याकडे बघत होत्या.

पाण्याचंही सांगायला हवं. अमावास्या दोन दिवसांवर होती, उधाणाचे दिवस. भरतीच्या ओढीने तळ ढवळला जातो आणि पाणी गढुळतं. तीन मीटरच्या पुढे धूसर हिरवं होतं. आमचा होडीवाला सकाळीच म्हणाला होता, “आज पाणी काय बरा नाय. आणि वारो सुटतलो धा नंतर.” त्याचं ऐकून आम्ही सुरुवातीच्या दोन खेपा लवकर उरकल्या, आणि राहिलेल्यांत ही मंडळी होती.

शिडीवरचा निर्णय

पहिली चौघं जाऊन आली. मुलं आनंदाने ओरडत होती. ताईंची पाळी आली तेव्हा त्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबल्या. पाणी गुडघ्यापर्यंत.

“दादा, मी नाही गेले तर चालेल का?”

या प्रश्नाला एकच उत्तर असतं: चालेल. मी ते दिलं नाही. त्या क्षणी माझ्यासमोर चार वाटा होत्या.

पहिली, त्यांना थांबवायचं आणि होडीतच बसवायचं. पैसे परत करायचा प्रश्न आला असता, मालकाशी बोलावं लागलं असतं, पण बोललो असतो.

दुसरी, टाकी उतरवून लाइफ जॅकेट आणि स्नॉर्केल, म्हणजे पाण्याबाहेरची हवा घ्यायची वाकडी नळी, द्यायचा. दोरी धरून पृष्ठभागावर तोंड बुडवलं की मासे तिथूनही दिसतात. भित्र्या माणसासाठी हा फार चांगला मधला टप्पा आहे. पण उधाणाच्या गढूळ पाण्यात वरून दिसलं काय असतं, हा विचार माझ्या मनात आला, आणि तो चुकीचा होता. त्यांना मासे बघायचे नव्हतेच, त्यांना पाण्याची ओळख हवी होती.

तिसरी, शिडीपाशीच थांबून, डोकं पाण्याखाली जेमतेम जाईल इतक्यातच पाच मिनिटं श्वासाचा सराव घ्यायचा. खाली जायचं नाही असं आधीच सांगून टाकायचं. यासाठी फक्त वेळ लागला असता. मागे दुसरी होडी उभी होती.

चौथी, धीर द्यायचा आणि घेऊन जायचं. यजमान म्हणाले, “अहो, एकदा उतरली की होतं सगळं. गाडी शिकतानाही असंच करत होती.” जाऊबाई म्हणाल्या, “मी गेले की!” मी म्हणालो, “ताई, मी धरलेलं असणार पूर्ण वेळ. दोन मिनिटं बघू.”

चौथी वाट घेतली. ती का घेतली याचं खरं कारण हे, की दहापैकी आठ जणांबाबतीत ती चालते. घाबरलेला माणूस खाली जातो, मासे बघतो, वर येऊन आपल्याला मिठी मारतो. या आठ मिठ्यांनी प्रशिक्षकाची समजूत बिघडते. उरलेल्या दोघांची भीती त्याच जातीची असेल असं तो धरून चालतो.

पाण्यात काय झालं

नांगराच्या दोरीशेजारून आम्ही उतरलो. अर्ध्या मीटरवर मी थांबलो, त्यांच्यासमोर हात नेऊन ओकेची खूण केली. त्यांनी ओके केलं. दीड मीटरवर पुन्हा विचारलं. ओके. कानाकडे बोट दाखवून विचारलं, त्यांनी नाक धरून फुंकल्यासारखं केलं आणि पुन्हा ओके. तीन मीटर. ओके.

मी मागे होतो. माझ्यासमोर त्यांचे केस, टाकीचं डोकं आणि बुडबुडे. बुडबुडे मी बघत होतो, पण वाचत नव्हतो. निवांत माणसाचे बुडबुडे झुपक्याने येतात: एक मोठा झुपका, मग स्तब्धता, मग दुसरा. ताईंचे बुडबुडे अखंड, बारीक, उकळत्या पाण्यासारखे. अशा उथळ आणि भरभर श्वासात जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि त्याने आणखी गुदमरल्यासारखं होतं. टाकीत भरपूर हवा असते आणि माणसाला मात्र हवा मिळत नाही असं वाटत राहतं. मग तो आणखी जोरात ओढतो. या चक्रातून सुटायची वाट श्वास सोडण्यात आहे, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच सुचत नाही.

नंतर टाकीतली हवा दाखवणारा गेज बघितला तेव्हा कळलं, पाण्यात उतरल्यापासून सात मिनिटांत ३० बार (टाकीतली हवा या दाबाच्या एककात मोजतात) संपले होते. निवांत माणूस तेवढ्या वेळात तेवढ्या खोलीवर याच्या निम्मीही हवा वापरत नाही. गेज माझ्या हाताशी लोंबत होता. बघायला एक सेकंद लागला असता.

ठिणगी पडली ती एका केसाने. कपाळावरची एक बट मास्कच्या रबराखाली अडकली होती, एक-दोन केस. तिथून पाणी झिरपत झिरपत नाकापाशी आलं. ताईंनी दचकून नाकाने श्वास घेतला. पाणी घशात गेलं, ठसका लागला, आणि ठसक्यासरशी टाकीची हवा देणारं तोंडातलं माउथपीस सुटलं. मला जाणवलं ते त्यांचं अंग एकदम ताठ झालं तेव्हा. पुढच्या क्षणी त्यांचे दोन्ही हात मास्ककडे गेले आणि तो कपाळावर सरकला.

मी पुढे येऊन माउथपीस ओठांशी नेलं, बटण दाबून हवा सोडली. त्यांनी तोंड घट्ट मिटलं होतं. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. अशा वेळी खाली थांबून माणसाला शांत करायचा प्रयत्न करायचा की वर न्यायचं? पुस्तकात दोन्ही आहे. ज्याच्या तोंडात माउथपीस आहे आणि जो डोळ्यांत डोळे घालून बघतोय, त्याला थांबवता येतं. ताईंबाबत यातलं एकही नव्हतं. मी वर जायचं ठरवलं, आणि हा त्या दिवशीचा माझा एक बरोबर निर्णय.

वर जाताना धोका वेगळाच असतो. तीन मीटर म्हणजे काहीच नाही असं लोकांना वाटतं. पण दहा मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो, आणि मीटरमागे हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा फरक वरच्या थोड्या मीटरांतच पडतो. टाकीची हवा छाती भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आलं, तर फुप्फुसाला इजा व्हायला दीड मीटरही पुरतो. म्हणून एका हाताने त्यांचं जॅकेट धरून, दुसऱ्या हाताने माउथपीस तोंडाशी ठेवून मी त्यांना थोपवत नेत होतो आणि तोंडातून बुडबुडे येताहेत का एवढंच बघत होतो. येत नव्हते. दीड-दोन मीटरवर असताना ताई किंचाळल्या. पाण्यातही ऐकू आलं. त्या किंकाळीने छातीतली हवा बाहेर पडली. माझ्या कौशल्याचं श्रेय त्यात शून्य.

वर आल्यावर

जॅकेट फुगवलं, वजनाचा पट्टा काढून होडीत टाकला. त्या खोकत होत्या. नाकाखाली रक्ताची बारीक रेघ. यजमान काठावरून वाकून विचारत होते, “काय झालं? काय झालं?” आणि होडीतला पोरगा अजून व्हिडिओ काढत होता. होडीवाल्याने त्याचा हात खाली दाबला.

नाकातलं रक्त बहुधा सायनसवरच्या दाबाचं. सर्दीत तिथले मार्ग सुजलेले असतात, गोळीने तात्पुरते उघडतात आणि दाब बदलताना दगा देतात. डाव्या कानात दडा बसला होता. म्हणजे नाक धरून फुंकल्याचं त्या दाखवत होत्या, पण कान मोकळा होत नव्हता, आणि दुखत असूनही त्या ओके करत होत्या. पुढे मी विचारलं, का हो? त्या म्हणाल्या, “तुम्ही विचारत होतात ना, मग मला वाटलं हो म्हणायचं असतं.”

छातीत दुखणं, धाप, बोलण्यात जडपणा, हातापायांना मुंग्या, थुंकीतून रक्त, हे सगळं मी दोनदा विचारलं. काही नव्हतं. फुप्फुसातून हवा रक्तात शिरली असेल तर लक्षणं बहुधा काही मिनिटांतच दिसतात. पण आमची ऑक्सिजनची टाकी किनाऱ्यावरच्या ऑफिसात होती, होडीत नव्हती. किनारा पंधरा मिनिटांवर. ती पंधरा मिनिटं मला अजून आठवतात.

किनाऱ्यावर नेऊन ऑक्सिजन लावला, डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ. कानाचा पडदा लाल, पण फाटलेला नाही. बरं वाटेपर्यंत पाण्यात जायचं नाही आणि रात्री लक्ष ठेवा, असं सांगितलं, कारण श्वासनलिकेत पाणी गेलेल्या माणसाचा श्वास काही तासांनंतरही बिघडू शकतो.

आता एक निर्णय उरला. मंडळी दुपारीच फोंडा घाटाने कोल्हापूरला निघणार होती. विमान प्रवासाचा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह केले तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. मालवणजवळचा चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून आम्ही हे न विसरता सांगतो. घाटाचं मात्र कुणी सांगत नाही. तीनशे मीटरच्या वर गेलं की तीही उंचीच धरतात, आणि कोल्हापूरच साडेपाचशे मीटरवर आहे. तीन मीटरवरच्या सात मिनिटांनी रक्तात नायट्रोजन फारसा साठत नाही, त्यामुळे उंचीवर त्याचे बुडबुडे होण्याची भीती नव्हती. पण दडा बसलेला कान घेऊन घाट चढणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. आणि रात्री धाप लागली तर गाडी घाटात असण्यापेक्षा मालवणात असलेली बरी. यजमान आधी कुरकुरले, मग म्हणाले, “ठीक आहे, राहतो.” त्या रात्री ते दोनदा मला फोन करून सांगत होते की ती झोपलीय आणि श्वास नीट चाललाय.

तीन आठवड्यांनी आलेला फोन

ताईंनी फोन केला. मला वाटलं पैशांबद्दल असेल. त्या म्हणाल्या, “मला परत यायचंय. पण तसं नाही.”

मी पहिल्यांदा नको म्हटलं. पाण्याला घाबरणाऱ्या माणसाने डाइव्ह केलंच पाहिजे असा काही कायदा नाही, आणि भीती जिंकण्याच्या हट्टाने आलेली माणसं मला भीतीने आलेल्यांपेक्षा जास्त धोक्याची वाटतात. म्हणून विचारलं, कशासाठी? त्या म्हणाल्या, “वर आल्यावर मला वाटलं मी मेले होते. ते तसंच राहिलंय डोक्यात. मला फक्त तिथून नीट वर यायचंय.” हे उत्तर मला पटलं.

याच फोनमध्ये एमआरआयची गोष्ट निघाली.

तीन पर्याय मांडले. थेट पुन्हा तोंडओळखीचं डाइव्ह; ते मी करणार नव्हतो. पूर्ण ओपन वॉटर कोर्स, म्हणजे जलतरण तलावातले धडे, समुद्रातली चार डाइव्ह, १८ मीटरपर्यंतचा परवाना. त्यासाठी २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं, ताईंना पोहता येत नव्हतं. तिसरा, समुद्र बाजूला ठेवून फक्त श्वास आणि नाक यांवर काम करायचं, आणि मग बघायचं. तिसरा घेतला. अट एकच, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची तपासणी आणि फॉर्मवर डॉक्टरांची सही, फॉर्म त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेला.

सुरुवात झाली बादलीत. हे लिहायला हास्यास्पद वाटतं, पण नवख्यांसाठी याच्याइतका स्वस्त आणि कामाचा सराव मला माहीत नाही. बाथरूममध्ये स्टुलावर पाण्याने भरलेली बादली, तोंडात स्नॉर्केल, मास्क नाही. चेहरा नाकासकट पाण्यात आणि श्वास फक्त तोंडाने. शेजारी मुलगी घड्याळ घेऊन. पहिल्या दिवशी चार श्वास झाले आणि ताईंनी डोकं वर काढलं. नाकाला पाणी लागलं की श्वास आपोआप अडतो, तो शरीराचा धर्म आहे, त्यात भित्रेपणा नाही. रोज थोडं थोडं करत गेलं की शरीराला कळतं, नाकात पाणी असतानाही तोंडाने जगता येतं. पंधराव्या दिवशी त्यांचा मेसेज आला: “पाच मिनिटं. कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकल्या आतून.”

मग त्यांच्याच शहरातल्या तलावात, छातीइतक्या पाण्यात, माझ्या ओळखीच्या प्रशिक्षकाने चार रविवार घेतले. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून काढायचं. माउथपीस काढायचं, सोडायचं, शोधून परत तोंडात घालायचं. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. तिसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, “मी सोडतच नव्हते हो. नुसती भरत होते.”

दुसरं डाइव्ह

फेब्रुवारीतला मंगळवार. अष्टमीच्या आसपासचे, म्हणजे भांगाचे दिवस. भरती-ओहोटीची ओढ कमी, पाणी सात-आठ मीटर स्वच्छ. सकाळी साडेसातला होडी निघाली. त्यात ताई, मी, माझा एक सहकारी आणि होडीवाला. कॅमेरा नाही. यजमान आले होते, पण आपण होऊन किनाऱ्यावर थांबले, हातात चहाचा थर्मास घेऊन.

ठरवलेल्या गोष्टी मोजक्या. नांगराच्या दोरीला मीटरमीटरवर गाठी मारल्या. ताईंनी स्वतः दोरी धरून, पाय खाली ठेवून उतरायचं आणि अर्ध्या मीटरमागे कान मोकळे करायचे, दुखायच्या आधी. न झाले तर जोर लावायचा नाही, एक गाठ वर यायचं. मागे सहकारी, समोर मी, चेहऱ्यासमोर चेहरा. अंगठा वर दिसला की वर, कारण विचारायचं नाही. केस घट्ट बांधून टोपीखाली.

आणि ओके मी विचारणारच नव्हतो. त्याऐवजी मी बोटं दाखवायची, त्यांनी एक जास्त दाखवायचं. मी दोन, त्या तीन. मी चार, त्या पाच. ओके हात आपोआप करतो. बेरीज करायला डोकं जागेवर लागतं, आणि घबराट सुरू झाली की पहिलं तेच जातं. शिवाय त्यांनी आपला गेज स्वतः वाचून मला दाखवायचा.

दुसऱ्या गाठीवर ताई थांबल्या. बोटं बरोबर आली, पण भुवया वर चढल्या होत्या. मागून हे मला कधीच दिसलं नसतं. मी हात छातीवर ठेवून लांब श्वास सोडून दाखवला. त्यांनी सोडला. एक झुपका, स्तब्धता, दुसरा झुपका. जवळजवळ दोन मिनिटं आम्ही त्याच गाठीवर होतो. मग त्यांनी स्वतः हात पुढच्या गाठीवर नेला.

साडेचार मीटरवर तळ लागला. खडकाच्या कपारीत एक गोबरा होता, बेताचाच, तोंड उघडझाप करत आमच्याकडे बघत होता. ताईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. अकरा मिनिटं झाली होती, २५ बार खर्च झाले होते. त्यांनी माझ्याकडे वळून अंगठा वर केला.

आम्ही एकेक गाठ करत वर आलो.

काय वेगळं करता आलं असतं

फॉर्म प्रत्येकाने स्वतः, इतरांपासून चार पावलं दूर बसून भरायचा, हे आता आम्ही पाळतो. त्यावर हाताने दोन प्रश्न वाढवलेत: गेल्या आठवड्यात सर्दीची गोळी घेतलीय का, आणि लिफ्टमध्ये किंवा एमआरआयमध्ये कधी गुदमरल्यासारखं झालंय का. दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे किती निघतात हे बघून मी चकित झालो. त्यांतले बरेचसे व्यवस्थित खाली जाऊन येतात; फक्त त्यांना आम्ही शेवटच्या खेपेला, घाई नसताना नेतो.

पैशांचं सर्वांत अवघड गेलं. पाण्यात उतरायच्या आधी नको म्हटलं तर पैसे परत, हा नियम मालकांनी महिनाभर खळखळ करून मान्य केला. परतावा मागणारे थोडेच निघाले. पण शिडीवरचं उत्तर आता सोपं झालंय.

ऑक्सिजन होडीत असतो.

मागून धरण्याची पद्धत मात्र बदललेली नाही, आणि हे मी लपवत नाही. प्रत्येक नवख्यामागे दोन माणसं गर्दीच्या दिवसांत परवडत नाहीत. पहिली दोन मिनिटं आम्ही समोर राहतो, दीड मीटरवर दोरी धरून, बोटांचा खेळ तिथेच होतो. तो जमला तरच मागे जातो. तो न जमल्याने परत वर आणलेली माणसं दर हंगामात असतात, आणि त्यांतली काही नाराज होऊन वाईट अभिप्राय लिहितात.

ताई होडीत चढल्या तेव्हा मी विचारलं, “वर यायची खूण केलीत. काही झालं होतं का?”

“नाही हो,” त्या टोपी काढून केस पिळत म्हणाल्या. “काहीच झालं नव्हतं. बास वाटलं, म्हणून आले.”

होडीवाल्याने नांगर ओढायला घेतला आणि गाठी मारलेली दोरी बघून वैतागला. ती सोडवायला त्याला किनाऱ्यापर्यंतचा सगळा वेळ लागला.